तापट बाईची बंदूक

आमच्या या जपानी बेटावर कुणाला राग म्हणजे काय ते शिकायचं असेल तर त्याने मियावाकींच्या फुसाएकडे जावं. मी तिची शेजारीण. तिच्या आणि माझ्या संत्र्यांच्या बागेमध्ये एक दगडी बांध आहे आणि गेली सेहेचाळीस वर्षं त्या बांधापलीकडून तिचा आवाज मी ऐकत आले आहे. डोंगरावरून फळं उतरवणारी एकरुळी गाडी बंद पडली की ती गाडीवर ओरडते. बंदरावरच्या संस्थेत फळांची प्रतवारी चुकली की यंत्रावर आणि यंत्र चालवणाऱ्यावर ओरडते. एकदा देवळाच्या पुजाऱ्याने तिच्या रोपावर गाडी घातली तर त्यालाही तिने सोडलं नाही. पण विनाकारण ओरडलेली मी तिला एकदाही ऐकली नाही. लोकांच्या लक्षात ओरडणं राहतं आणि कारण ते सोयीने विसरतात, याचा मला संताप येतो. मीही त्या लोकांतलीच निघाले, ते पुढे येईलच.

हियोदोरी ही बुलबुलाचीच एक जात. बुलबुल म्हटल्यावर ज्यांना गाणी सुचतात त्यांनी जानेवारीत आमच्याकडे यावं. समुद्रावरून थवेच्या थवे येतात, एका फळाला एक चोच मारतात आणि लगेच दुसऱ्या फळाकडे वळतात. धड खाल्लं तर निदान कुणाचं तरी पोट भरलं असं म्हणता येईल. हे नुसतं उष्टं करून टाकायचं काम! चोच लागलेलं फळ दोन दिवसांत सडतं. फुसाएचे वरचे चार टप्पे उशिरा पिकणाऱ्या पोंकान संत्र्यांचे आहेत. उतार इतका की तिथे जाळी टिकत नाही, वारा ती फाडून माझ्या झाडांवर आणून टाकतो. ते चार टप्पे तिने पंचविसाव्या वर्षी स्वतः दगड वाहून बांधले, झाडंही तिनेच लावली. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी अर्धं फळ पाखरांनी नासवलं होतं. तिने सांगून ठेवलं होतं, ‘यंदा पुन्हा तसं झालं तर मी झाडं तोडते आणि डोंगर डुकरांना देऊन टाकते.’ फुसाए बोलते ते करते.

त्याआधी पाखरांचा बंदोबस्त तिचा नवरा तामेओ करायचा. उंच, डावखुरा, शांत माणूस. बेटावरच्या शिकारी मंडळाचा वीस वर्षं अध्यक्ष. नवीन आलेल्यांना बंदूक कशी धरावी, कशी ठेवावी हे तोच शिकवायचा. हंगामात तो पुढे एअर रायफल घेऊन चालायचा आणि मागून फुसाए पडलेली पाखरं पोत्यात भरत यायची. मग शहात्तराव्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरने मान हलवली आणि तामेओने मुकाट्याने परवाना परत केला. त्याची रायफल फेरीबोटीतून मुख्य भूमीवरच्या बंदुकीच्या दुकानात ठेवायला गेली.

आमच्याकडे बंदूक घराची नसते, एका माणसाची असते. नवऱ्याच्या बंदुकीला बायकोने बोट लावलं तर गुन्हा. बंदुकीच्या लोखंडी कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे हे तिला ठाऊक असलं तरी गुन्हा. चाळीस वर्षं फुसाएने त्या कपाटाच्या चारी बाजूंनी केर काढला, आणि तामेओचे डोळे गेल्यावर तिला शून्यापासून सुरुवात करावी लागली. अडुसष्टाव्या वर्षी तिने वर्ग केला, लेखी परीक्षा दिली, शिकारीचा परवाना काढला. सगळं पहिल्या फटक्यात. परीक्षेहून परत येताना बोटीवर मंडळाचा एक म्हातारा तिला म्हणाला, “फुसाए, तुला कशाला बंदूक? तू नुसती ओरडलीस तरी पाखरं पडतील की!”

“तसं असतं तर तुम्ही अजून उभे कसे राहिला असता?” फुसाए म्हणाली.

आता बंदूक निवडायची. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. आधी दुकानात जाऊन बंदूक ठरवायची, मग तिचा नंबर अर्जात लिहायचा, आणि परवाना मिळतो तो त्या एका नंबरापुरता. दुकानात ती हातात घेऊन बघता येते, पण परवाना येईपर्यंत एक बारही उडवता येत नाही. एकदाच भेटून लग्न ठरवायचं, त्यातला प्रकार. पुढे पटलं नाही की सगळे अर्ज पुन्हा.

सप्टेंबरात आम्ही तिघं बोटीने गेलो. दुकानदार निशिओका सत्तरीचा, बोलण्यात संथ. त्याने आधीच टेबलावर हिरवं फडकं अंथरून तामेओची जुनी रायफल पुसून ठेवली होती. दस्त्याचं लाकूड चमकत होतं.

“वहिनी, ही कागदोपत्री तुमच्या नावावर करून घेता येईल,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांची सोबत आहे. दुसरी कशाला बघायची?”

तामेओने रायफलीवर हात ठेवला. मला तर रडूच यायला लागलं होतं. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच फुसाएच्या डोळ्यांतल्या पाण्याची वाट बघत होतो.

फुसाएने रायफल उचलली, खांद्याला लावली आणि खाली ठेवली.

“मला नको ही.”

“अगं, निदान नीट…” मी म्हटलं.

“नीटच बघितली. दस्ता डावखुऱ्या माणसासाठी कोरलाय. माझा गाल बसतच नाही त्यावर. यांच्या हाताच्या मापाने लांब आहे. आणि दर बाराला सहा वेळा हापसायची, विहिरीवरच्या हापशासारखी. मी हापसत बसेन आणि पाखरं माझ्या डोक्यावर बसून पोंकान खातील.” मग तिने पिशवीतून एक चिठ्ठी काढली. “वजन दोन किलो सहाशेच्या वर नको, दुर्बीण धरून.”

“हा आकडा कुठून आणलात?” निशिओकाने विचारलं.

फुसाएने घरी एका बांबूला छाटणीच्या कात्र्या बांधल्या होत्या. रोज संध्याकाळी तो बांबू खांद्याला लावून ती झाडाकडे रोखून उभी राहायची आणि मनात तीस आकडे मोजायची, कारण हियोदोरी फांदीवर बसून स्थिर व्हायला तेवढा वेळ घेतो. टोक थरथरलं की एक कात्री कमी. महिन्याभराने बांबू थरथरायचा थांबला, तेव्हा तिने तो फळांच्या तराजूवर टाकला. हे ऐकल्यावर निशिओका खुर्चीतून उठला आणि त्याने मागच्या खोलीचं दार उघडलं. चाळीस वर्षांत त्याच्याकडे असं माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक ती पहिलीच, असं तो नंतर मला म्हणाला.

“शिकारीला हवी की निशाणेबाजीला?” त्याने विचारलं.

“दोन्हीला.”

“दोन्हीला एकच घेतली तर धड एकाचीही होत नाही, वहिनी.”

“कागदावर दहापैकी नऊ लागल्याशिवाय मी जिवंत जिवावर छर्रा सोडणार नाही. अर्धमेलं पाखरू झुडपात फडफडत ठेवायचं हे मला चालत नाही. ज्या बंदुकीने कागदावर हात बसेल तीच डोंगरावर न्यायची. सवय बदलली की नेम गेला.”

निशिओकाने मान डोलावली. बदकांसाठी साडेपाच मिलिमीटरची जाड नळी बरी, असं तो म्हणाला. तिला बदकं नकोच होती. मग साडेचारची ठरली. जड छर्रा लांब जाऊन दणका देतो, पण तीस पावलांवरच्या पाखराला दणका नको, नेम हवा. शेवटी त्याने एक आखूड, काळी, दिसायला अगदी सामान्य अशी रायफल आणली. तिच्या सुट्या निघणाऱ्या टाकीत हवा आधीच भरून ठेवायची, की पंचवीस बार तरी बघायला नको. फुसाएने ती गालाला लावून भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखली. तीस सेकंद झाले, चाळीस झाले. नळी हलली नाही.

“हवा भरायचा पंप मात्र घरी मारावा लागेल. त्याला ताकद लागते,” निशिओका म्हणाला.

“ते मारतील,” फुसाए तामेओकडे न बघता म्हणाली. “डोळे गेलेत, हात आहेत की!”

परतीच्या बोटीत तामेओ दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. त्याची रायफल मोडीत जाणार होती. मला त्याची कीव आली आणि फुसाएचा रागही आला. लोक म्हणतात तशी आहेच ही, असं मनात येऊन गेलं.

अर्ज दिल्यावर आमच्याकडे पोलीस येऊन चौकशी करतात. घरच्यांना विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात. माणूस दारू पितो का, भांडतो का, तापट आहे का. ऑक्टोबरात ठाण्यातून हामादा नावाचा तिशीचा अधिकारी आला. बूट पुसलेले, वागणं गोड. माझ्याकडे आला तेव्हा मी फळांच्या पेट्या रचत होते.

“मियावाकीबाई रागावतात का हो?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “छे! गार पाणी आहे नुसती.” इतकी धडधडीत थाप मी आयुष्यात मारली नव्हती. तेवढ्यात बांधापलीकडून फुसाए एकरुळी गाडीला उद्देशून काहीतरी म्हणाली. हामादाने तिकडे पाहिलं. “गाडीशी बोलतेय,” मी म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं नाही, हे त्याचे उपकार.

नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि फुसाएला ठाण्यावर बोलावणं आलं. तिच्यासोबत मी गेले. हामादाने चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा केल्या आणि मग म्हणाला, की बाईंनी अर्ज स्वतःहून मागे घेतला तर सगळ्यांनाच बरं पडेल.

“का?” फुसाएने विचारलं.

त्याने कागद समोर धरला आणि वाचून दाखवलं. अर्जदार तापट आहे. कुणाचं ऐकत नाही. घरी सगळ्यांना तिचा त्रास होतो. एकदा रागाच्या भरात पतीच्या अंगावर छाटणीची कात्री फेकली होती.

“हे कोण म्हणालं?”

“तुमचे यजमान.”

आता यावर काय बोलावं? परक्यासमोर आपल्या माणसाला नावं ठेवायची ही आमच्याकडची रीतच आहे. माझ्या नवऱ्याला कुणी चांगलं म्हटलं की मी म्हणते, ‘कसलं काय हो, नुसता ठोंब्या आहे.’ परक्या माणसापुढे बायकोचं कौतुक करणारा नवरा या बेटावर अजून जन्माला यायचा आहे. आणि कात्रीची गोष्ट तर सगळ्या गावाला पाठ. दर वर्षअखेरच्या जेवणात दोन पेले पोटात गेले की तामेओ ती सांगायचा, ‘आमच्या हिने माझ्यावर कात्री फेकली, पायाच्या बोटापाशी येऊन रुतली, थोडक्यात वाचलो!’ सगळे हसायचे. फुसाए साके ओतत ओतत हसायची. तीस वर्षं मीही हसत आले होते. तीच गोष्ट आता सरकारी कागदावर होती आणि त्या कागदाला हसू येत नव्हतं.

मी फुसाएकडे पाहिलं. तिची मान लाल झाली होती. हात गुडघ्यांवर, नखं कापडात रुतलेली. ओरडली असती तर कागद खरा ठरला असता. माझ्या आयुष्यात मी तिला इतकी शांत पाहिली नव्हती आणि मला ते पाहवेना. ज्या बाईने रागवायलाच हवं तिला राग गिळायला लावायचा, आणि गिळला नाही तर म्हणायचं, बघा, तापट आहे!

मग मीच म्हटलं, “हामादासाहेब, तुमचं लग्न झालंय?”

“हो, दोन वर्षं झाली.”

“बायको छान असेल!”

“छे हो,” तो लगेच हसून म्हणाला, “अगदी गबाळी. स्वयंपाक धड नाही, शिवाय चिडकी इतकी की…”

आणि तो तिथेच थांबला. कानापर्यंत लाल झाला. बराच वेळ त्याने पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं.

“पहिल्या तीन ओळींचं मी समजू शकतो,” तो शेवटी म्हणाला. “पण कात्री? कात्री फेकली की नाही फेकली?”

“फेकली,” फुसाए म्हणाली.

“का?”

“ते त्यांना विचारा.”

“तुम्हीच सांगा की.”

“त्यांनी सांगितलंय ना अर्धं? उरलेलंही त्यांनीच सांगायचं.”

बोटीत मी तिला खोदून खोदून विचारलं. ती समुद्राकडे बघत बसली. घरी पोचल्यावर मात्र बांधापलीकडून मला सगळं ऐकू आलं.

“तुमची बंदूक नको म्हटलं, त्याचा सूड उगवलात!”

“रीत म्हणून बोललो गं. सगळेच बोलतात.”

“आणि कात्री? तीही रीतच?”

महिनाभर त्या घरात भांड्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता. फुसाए कुणावरच ओरडेनाशी झाली, गाडीवरसुद्धा नाही. डिसेंबरात पहिली पाखरं आली. ती रोज वरच्या टप्प्यांवर जाऊन पत्र्याचा डबा बडवायची आणि पाखरं एका झाडावरून उडून दुसऱ्या झाडावर बसायची. कुऱ्हाडीला धार लावून तिने ती पडवीत उभी करून ठेवली होती.

वर्ष संपायच्या आत हामादा पुन्हा आला. अर्जदाराने समोर बसायचं नाही असा नियम, म्हणून फुसाए आणि मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चोची मारलेली फळं वेगळी करत बसलो. मधे एक पत्रा. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“आमची ही म्हणजे काय सांगू तुम्हाला…” तामेओने हसत सुरुवात केली. सवयच ती. मग तो थांबला. चहाचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तिने कात्री फेकली, कारण मी भरलेली बंदूक घेऊन बांध चढत होतो,” तो म्हणाला.

हामादाने कागद पुढे ओढल्याची सळसळ झाली.

“छर्रा आत, हवा भरलेली. नळी मागे. मागे ती होती, पोतं घेऊन. दोनदा ओरडली, ‘थांबा!’ मी ऐकलं नाही. थवा उडेल म्हणून मला घाई. चाप फांदीत अडकला होता, मला दिसलंही नाही. तिला दिसलं. तिने माझ्या पायापुढे कात्री फेकली म्हणून मी थबकलो. नाहीतर छर्रा तिच्या तोंडात गेला असता.”

“हे तुम्ही कुठे सांगितलं नाहीत?”

“कसं सांगणार? परवाना गेला असता. त्याच वर्षी मला मंडळाचा अध्यक्ष केलं. लोकांना बंदूक कशी न्यावी ते शिकवत होतो मी. कुणीतरी कात्री फेकताना पाहिलं होतं. म्हणून मी त्याचा विनोद केला. ती तापट, असं सांगितलं. तीही हसली. तीस वर्षं हसली. लिहा साहेब. माझं नाव घालून लिहा. ती रागावते, रोज रागावते, आणि तिच्या रागामुळे मी तुरुंगात नाही आणि ती जिवंत आहे. बंदूक हातात असलेल्या माणसाला एवढा राग यायलाच हवा.”

माझ्या हातातलं फळ खाली पडलं. मला फुसाएकडे बघायची लाज वाटत होती. दर वर्षी मी हसले होते, सगळ्यात मोठ्याने. सडकं फळ एका टोपलीत, बरं फळ दुसऱ्या टोपलीत, तिचे हात चालूच होते. फक्त चांगली चांगली फळं ती सडक्यांत टाकत होती.

जाताना हामादा शेडच्या दारात आला, वाकून नमस्कार केला आणि चाचरत म्हणाला, “एक शेवटचा प्रश्न विचारावा लागतो. आत्ता तुम्हाला राग आलाय का?”

“आलाय,” फुसाए म्हणाली. “लिहा.”

त्याने लिहिलं की नाही मला माहीत नाही. परवाना आला जानेवारीच्या वीस तारखेला. तोवर एका टप्प्यावरचं फळ पुरतं नासलं होतं. फुसाएने बंदूक आणली ती थेट मुख्य भूमीवरच्या निशाणेबाजीच्या मैदानावर नेली आणि कागदावर दहात नऊ बसेपर्यंत तीन दिवस बोटीने ये-जा केली. डोंगरावर उजेड भरपूर होता, पाखरं डोळ्यांसमोर फळं फोडत होती, तरी तिने घाई केली नाही. त्याआधीच मंडळाच्या वर्षअखेरच्या जेवणात तामेओने सगळ्यांसमोर कात्रीची खरी गोष्ट सांगितली होती. या वेळी कुणी हसलं नाही आणि कुणी त्याला पेला भरून दिला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी माझ्या बाजूने बघत होते. तामेओने अंगणात पंप मारून टाकी भरली होती, त्याचा शर्ट घामाने भिजला होता. पुढे फुसाए आखूड काळी रायफल घेऊन चालली होती, मागे तामेओ रिकामं पोतं खांद्यावर टाकून, पायाखालची वाट चाचपत. वरच्या झाडावर थवा बसला होता. बांधापाशी फुसाए थांबली. तिने छर्रा काढून खिशात टाकला. बंदूक बांधावर आडवी ठेवली, नळी समुद्राकडे. मग मोकळ्या हातांनी बांध चढली, पलीकडून बंदूक उचलली आणि मागे वळली. तेवढ्यात थवा उडून गेला.

“बघितलंत?” तिने विचारलं.

“बघितलं,” तामेओ म्हणाला. त्याला आता पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. तो तीन पावलांवर उभा होता.

“मग या वर,” ती ओरडली. “सावकाश!”

दोन महिन्यांनी मी तिचं ओरडणं पुन्हा ऐकत होते. उरलेल्या तीन टप्प्यांवरचं फळ वाचलं, कुऱ्हाड पडवीतच राहिली. तिचा राग अजून गेलेला नाही, आणि आता कुणी तिला त्याचं कारण विचारत नाही.